दिवे मालवण्यापासून मीटर वाचण्यापर्यंत: ऊर्जासंकटात शहरे काय करत आली

महापालिकेकडे तेलविहिरी नसतात, कोळशाच्या खाणी नसतात, आणि विजेचे दर ठरवण्याचा अधिकारही बहुधा वरच्या सरकारकडे असतो. तिच्या हातात असतात तिच्या इमारती, पाणीउपसा, पथदिवे, बससेवा आणि बांधकामाचे परवाने. काही शहरांच्या नशिबी स्वतःची वीजकंपनीही असते. ऊर्जासंकट आले की शहराला एवढ्याच सामग्रीवर डाव मांडावा लागतो. गेल्या पन्नास वर्षांत हा डाव कसकसा बदलत गेला, त्याची ही पार्श्वभूमी.

1973च्या ऑक्टोबरात अरब तेल-उत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला. लॉस एंजेलिसची वीजकंपनी शहराच्या मालकीची होती आणि तिची निम्म्याहून जास्त वीज तेलावर होत असे. हिवाळ्यात तेल पुरणार नाही हे दिसत होते. पहिला प्रस्ताव सरळसोट होता: व्यवसायांनी आठवड्याला 50 तासांपेक्षा जास्त काळ चालू राहू नये. व्यापारी आणि कामगार संघटना दोघांनीही विरोध केला. दुकान बंद म्हणजे मजुरी बंद, आणि वाचलेल्या विजेचा आकडा मात्र कुणालाच नीट सांगता येत नव्हता. महापौर टॉम ब्रॅडली यांनी एक समिती बसवली आणि तिने मांडणीच पालटली. वीज कशी वाचवायची हे सांगायचे नाही, किती वाचवायची तेवढेच सांगायचे. घरांनी 10 टक्के, व्यापारी ग्राहकांनी 20 टक्के, कारखान्यांनी 10 टक्के. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच बिलकाळाशी. मर्यादा ओलांडली तर पूर्ण बिलावर 50 टक्के अधिभार, आणि पुन्हा पुन्हा ओलांडल्यास पुरवठा तात्पुरता तोडण्याची तरतूद.

डिसेंबर 1973मध्ये हा नियम लागू झाला आणि पहिल्या काही आठवड्यांतच वापर उद्दिष्टाखाली उतरला. कपातीचा आणखी कडक असा दुसरा टप्पा तयार होता, पण त्याची गरज पडली नाही. व्यापारी ग्राहकांना जास्त कपात देण्यामागे साधे कारण होते: जाहिरातींचे फलक, गरजेपेक्षा दुप्पट प्रकाश, रात्रभर चालणारी वातानुकूलन यंत्रे. सुटणारी वीज तिथेच पडून होती.

‘मागचे वर्ष’ हा आधार सोपा असला तरी अडचणीचाही आहे. जो आधीपासून काटकसर करतो त्याला कापायला काही उरत नाही. ज्याने उधळपट्टी केली त्याला सवलत मिळते. नव्या घराला मागचे बिलच नसते. घरात मूल जन्मले, आजारी माणसाला यंत्र लागले, भाडेकरू बदलला, तर आकडा निरर्थक ठरतो. म्हणून असा नियम आणणाऱ्या शहराने पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी ठेवायला हव्यात: फार कमी वापर करणाऱ्यांना पूर्ण सूट देणारी एक किमान मर्यादा, आणि अर्ज आल्यावर काही दिवसांत निकाल देणारा कक्ष. हा कक्ष नसेल तर तक्रारी थेट नगरसेवकांकडे जातात आणि नियम महिनाभरात पातळ होतो. तिसरी अडचण वीजकंपनीची. विक्री घटते, पण तारा, उपकेंद्रे आणि कर्जाचे हप्ते तेवढेच राहतात. बचत केलेल्या नागरिकाला पुढे दरवाढीचे पत्र येते तेव्हा त्याचा संताप रास्तच असतो. ही शक्यता नियम करतानाच सांगून टाकलेली बरी.

भावाचा चटका बसल्यावर काय होते याचा नमुना अलास्कातील जूनोत दिसला. 16 एप्रिल 2008 रोजी हिमकडा कोसळून जलविद्युत केंद्राकडून येणारी वाहिनी तुटली आणि शहर डिझेल जनित्रांवर आले. युनिटचा दर सुमारे 11 सेंटवरून 50 सेंटच्या वर गेला. काही आठवड्यांत वापर 30 टक्क्यांहून जास्त घटला. पण दराचा मार सर्वांवर सारखा बसत नाही, आणि विजेवर घर तापवणाऱ्या गरिबाकडे दुसरा उपायच नसतो. लॉस एंजेलिसच्या पद्धतीत निदान भार वाटून घेतला जातो.

संकट ओसरल्यावर मात्र बहुतेक शहरे जुन्या सवयींवर परतली. टिकले ते नियमांत आणि नळांत उतरलेले उपाय. कॅलिफोर्नियातील डेव्हिस शहराने 1975मध्ये ऊर्जाबचतीची बांधकाम संहिता मंजूर केली. त्यात उष्णतारोधन होते, घराच्या क्षेत्रफळाच्या मानाने काचेवर मर्यादा होती आणि खिडक्यांवर सावली धरल्यास जास्त काचेला मुभा होती. महापालिकेला यात पैसा घालावा लागत नाही, फक्त परवाना देताना नकाशा वाचावा लागतो. बार्सिलोनाने ऑगस्ट 2000पासून नव्या इमारतींना गरम पाण्याची सुमारे 60 टक्के गरज सौरउष्णतेवर भागवणे बंधनकारक केले. तिथला धडा वेगळा आहे. परवान्याच्या वेळी छतावर सौरपट्ट्या बसल्या की नाही हे पाहिले जाते. त्या तीन वर्षांनी चालतात की नाही हे कोण पाहणार? पंप बंद पडतो, पाइपातली हवा निघत नाही, आणि खाली गॅसचा बंब गुपचूप सगळे काम करत असल्याने रहिवाशांना पत्ताही लागत नाही. उपाय स्वस्त आहे: सौरबाजूला वेगळा उष्णतामापक आणि वर्षातून एकदा त्याच्या नोंदीची सक्ती.

डेन्मार्कचे उदाहरण सर्वांत जुने आहे. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गने 1903मध्येच कचरा जाळून मिळणारी उष्णता नळांतून इमारतींना द्यायला सुरुवात केली. 1973मध्ये देशाची 90 टक्क्यांहून जास्त ऊर्जा तेलावर होती. 1979च्या कायद्याने महापालिकांना आपल्या हद्दीतील उष्णतेची मागणी नकाशावर मांडून कोणता भाग कशावर तापवायचा हे ठरवायला लावले. वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या जोडनळांतून घरांत पोहोचू लागली. आज कोपनहेगनमधील जवळपास सर्व इमारती या जाळ्यावर आहेत. पण रस्ते खोदून नळ टाकायला दशके लागतात. संकटाच्या वर्षी नकाशा काढायला बसलेल्या शहराला त्या हिवाळ्यात त्याचा काही उपयोग होत नाही.

पैशाची अडचण जर्मनीतील श्टुटगार्टने 1995पासून हुशारीने सोडवली. शाळेत नवा बॉयलर बसवायचा तर खर्च भांडवली शीर्षातून आणि बचत मात्र वीज-गॅसच्या बिलाच्या शीर्षातून दिसते, त्यामुळे कोणतेच खाते पुढे येत नाही. तिथे महापालिकेचा ऊर्जाविभाग स्वतःच्या निधीतून काम करून देतो. शाळा जुन्या बिलाइतकीच रक्कम भरत राहते, फरक निधीत परततो, खर्च फिटला की बचत शाळेची. तोच पैसा पुढच्या इमारतीला. यासाठी दर इमारतीचा महिनावार वापर हवामानानुसार सुधारून ठेवावा लागतो. नाहीतर सौम्य हिवाळ्याची बचत बॉयलरच्या नावावर जमा होते.

याच हिशेबाने पाहिले तर बऱ्याच शहरांची सर्वांत मोठी संधी पाणीउपशात असते. एक हजार लिटर पाणी 100 मीटर उंच चढवायला सैद्धांतिक 0.27 युनिट लागते. पंप आणि मोटर मिळून 60 टक्के कार्यक्षमता असेल तर 0.45, आणि झिजून ती 45 टक्क्यांवर आली तर 0.6. रोज दहा कोटी लिटर उपसणाऱ्या शहरात हा फरक दिवसाला 15,000 युनिटचा होतो. कारणे ठरलेली: पंपातील झिजलेली कडी, गरजेपेक्षा मोठा पंप बसवून अर्धवट बंद ठेवलेली झडप, आणि गळती. टाक्या रात्री भरून सायंकाळी विजेची मागणी सर्वांत जास्त असताना पंप बंद ठेवले तर युनिट वाचत नाहीत, पण वीजजाळ्यावरचा ताण उतरतो. संकटात अनेकदा तेच हवे असते. वीज कापून मात्र पंप बंद पाडू नयेत: नळांतील दाब गेला की फुटक्या जागेतून बाहेरचे पाणी आत शिरते.

पथदिव्यांतून लोकांना दिसणारी बचत होते, म्हणून ती सर्वांत आधी जाहीर होते. एकाआड एक दिवा बंद ठेवायचा तर दिवे वेगवेगळ्या फेजवर क्रमाने जोडलेले असावे लागतात. तसे नसेल तर पूर्ण रस्ता अंधारात जातो. लॉस एंजेलिसने 2009पासून सुमारे 1,40,000 दिवे एलईडी केले आणि त्यांची वीज जवळपास 60 टक्क्यांनी उतरली. अंधार न करता.

रुग्णालयांच्या जनित्रांकडे याच्या दहावा हिस्साही लक्ष जात नाही. पूर्ण भारावर 500 किलोवॉटचे जनित्र तासाला साधारण 140 लिटर डिझेल पिते, म्हणजे हजार लिटरची टाकी सात तासांत रिकामी. बंद पडण्याचे नेहमीचे कारण इंजिन नसून उतरलेली बॅटरी असते, नाहीतर साचलेल्या डिझेलने तुंबलेला फिल्टर. महिन्यातून अर्धा तास, किमान 30 टक्के भारावर चालवून पाहिले तर हे आधी कळते. नुसते भाराविना फिरवणे ही चाचणी नव्हे. आणि डिझेलचा करार ज्या पुरवठादाराशी आहे त्याने तोच टँकर आणखी किती जणांना कबूल केला आहे, हे लेखी विचारावे.

टोकियोची तयारी योगायोगाने वेळेवर झाली होती. एप्रिल 2010पासून तिथल्या हजाराहून जास्त मोठ्या इमारतींवर कार्बन उत्सर्जनाची मर्यादा होती, प्रत्येकीत जबाबदार तांत्रिक अधिकारी होता आणि वापराच्या नोंदी होत्या. मार्च 2011च्या भूकंपानंतर आळीपाळीने वीज कापली गेली तेव्हा वाहतूक दिवे विझले, रेल्वे विस्कळीत झाली. उन्हाळ्यात तो मार्ग टाळायचा होता. कार्यालयांतील प्रकाश 750 लक्सवरून (लक्स हे उजेडाचे माप) 500 किंवा त्याखाली आणला गेला. वीजकंपनीच्या पूर्ण क्षेत्रातील उच्चतम मागणी आदल्या वर्षीच्या सुमारे 60 गिगावॉटवरून 49वर आली. कुणाला फोन करायचा हे महानगर सरकारला आधीच माहीत होते, ही त्यातली खरी मेख.

2022च्या जुलैत रशियन गॅस आटू लागल्यावर जर्मनीतील हानोवरने सार्वजनिक इमारतींत हात धुण्याचे गरम पाणी बंद केले, तापमान 20 अंशांवर रोखले, कारंजी थांबवली. अशा आदेशात एक धोका लपलेला असतो. गरम पाण्याची टाकी नुसती कोमट होऊ दिली तर 25 ते 45 अंशांत लेजिओनेला जिवाणू वाढतात. टाकी एक तर 60 अंशांवर ठेवावी, नाहीतर रिकामी करून बंद करावी.

स्वतःची वीजनिर्मिती असलेल्या शहराची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनची. स्टीनब्रास हे 180 मेगावॉटचे उदंचन जलविद्युत केंद्र 1979पासून शहराकडे आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे, गर्दीच्या वेळी खाली सोडायचे. बांधले ते महागड्या सायंकाळी बाहेरची वीज कमी घ्यावी लागावी म्हणून. राष्ट्रीय भारनियमन टप्प्यांत होते, टप्पा जितका वरचा तितकी कपात जास्त; ते सुरू झाल्यावर याच पाण्यावर शहर आपल्या ग्राहकांना अनेकदा एक टप्पा खाली ठेवू लागले. मर्यादा दोन. पाणी वर चढवायलाही वीज लागते, त्यामुळे भारनियमन लांबले की वरचा जलाशय भरायला वेळच मिळत नाही. आणि केपटाउनच्या काही वस्त्यांना राष्ट्रीय कंपनी थेट वीज पुरवते. त्यांचे मीटर शहराचे नसल्याने शहराने वाचवलेला टप्पा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.