सर्वांना दिले म्हणजे गरिबांचे कमी झाले?

सरकारी आरोग्यसेवा सरसकट दिली तर लाभ सधनांनाच होतो, म्हणून ती गरिबांपुरतीच राखावी, हा समज जुना आहे. थायलंडचा अनुभव मात्र उलट आहे. तिथे पूर्वी गरिबांसाठी वेगळे आरोग्यकार्ड होते, पण अनेक खरे गरजू त्यातून सुटत आणि काही सुस्थितीतील लोकांना ते मिळे (दारिद्र्यरेषेच्या यादीतला हा घोळ आपल्यालाही नवा नाही). २००१ मध्ये सुरू झालेल्या व २००२ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या योजनेने, सरकारी कर्मचारी आणि विमाधारक कामगार यांना आधीच संरक्षण असल्याने, उरलेल्या सर्वांना एका भेटीमागे ३० बात (थायलंडचे चलन) शुल्कात उपचार खुले केले, गरिबांना तेही माफ होते आणि रुग्णालयांना निधी लोकसंख्येनुसार मिळू लागला. त्यानंतर गरीब व श्रीमंत प्रांतांमधील बालमृत्यूदराची तफावत घटली.