नळाला कोमट पाणी आलं म्हणजे सोलर गेला, असं नाही

कोल्हापुरात राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत, गच्चीवर पाणी तापवणारा सोलर असलेल्या घरांत हा समज पक्का आहे: बाथरूमला कोमट पाणी आलं, की ‘सोलर गेला, ट्यूब बदला’. आषाढातल्या झडीत पाणी तापत नाही, ते वेगळं. पण कडक ऊन आहे, टाकी तापलीय आणि तरी नळाला कोमट, तर आधी मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ, बघा.

गार लाइनीला बऱ्याच घरांत प्रेशर पंप असतो. सोलरचं पाणी मात्र नुसत्या उंचीच्या दाबावर खाली येतं. हँड शॉवर त्याच्या बटणावरच बंद केला आणि मिक्सर उघडा राहिला, की गार पाणी मिक्सरमधून थेट गरम लाइनीत घुसतं. मग स्वयंपाकघरातही कोमटच. मिक्सरचं कार्ट्रिज (पाणी सोडणारा-अडवणारा आतला भाग) झिजलं असेल तर नळ बंद असतानाही हेच होतं.

तपासायला पैसे लागत नाहीत. सोलरच्या टाकीत जाणारा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून फक्त गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. चालूच राहिली, तर एकेका मिक्सरखालचे अँगल कॉक (भिंतीजवळचे छोटे व्हॉल्व्ह) बंद करत जा, चोर सापडतो. मग कार्ट्रिज बदला, मिक्सरच्या दोन्ही लाइनींना एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा आणि जमेल तितका दाब सारखा करा.

दुकानदार अशा वेळी थर्मोस्टॅटिक मिक्सर (ठरवलेल्या तापमानाचं पाणी देणारा) गळ्यात मारतात. तो पाणी तापवत नाही, फक्त मिसळतो. घरात लहान मुलं असतील तर मात्र जरूर घ्या, ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. बोअरचं पाणी जड असेल तर या मिक्सरची जाळी अधूनमधून साफ करावी लागेल.