म्हसे, जिव्या सोमा

(१९३४–१५ मे २०१८). वारली चित्रकार. जन्म तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील धामणगावचा. आयुष्य डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यात गेले. चित्रकला ते कोणत्याही शाळेत शिकले नाहीत. लहानपणी आई वारली तेव्हा त्यांची वाचा बसली, आणि पुढे बराच काळ ते मातीत रेघोट्या ओढून आपले म्हणणे सांगत.

वारल्यांकडे चित्र म्हणजे मुख्यतः लग्नातला चौक, म्हणजे घराच्या भिंतीवर काढलेले चौकोनी विधिचित्र. तो सवाशिणींनी काढायचा, मधोमध सुफलतेची पालघट देवी, आणि विधी झाला की त्याचे काम संपले. म्हसे पुरुष असून, लग्नकार्य नसतानाही रोज काढू लागले. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचे काम हेरले, आणि भिंतीवरचे चित्र कागद-कापडावर आले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २००३ साली ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या जोडीने त्यांचे प्रदर्शन झाले.

साहित्य अगदी मोजके. कुडाची भिंत शेणमातीने सारवून वर गेरूचा हात द्यायचा. कापडालाही शेणाचा किंवा गेरूचा हात चालतो. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून थोडा डिंक घातला की पांढरा रंग तयार. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाला कुंचला. डिंक कमी पडला तर वाळलेली रेघ बोटाला लागते. पीठ घट्ट राहिले तर ती तडकून पापुद्रे सुटतात. गेरू ओला असताना घाई केली, तर पांढऱ्यात लाली उतरते. ओली रेघ फिकी दिसते, वाळल्यावर उजळते. म्हणून नवखा तीच रेघ पुन्हा गिरवतो आणि ती जाड करून बसतो.

म्हशांची खरी ताकद रेषेत. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत बारीक रेघांचे जाळे जवळजवळ सगळा पट व्यापते, आणि ते सतत हलते आहे असे वाटते. माणूस दोन त्रिकोणांचाच, पण टोकाला टोक लावलेले ते त्रिकोण कलतात, वाकतात. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीच्या नाचात तर प्रत्येकाचा कल निराळा. बाजारातल्या ट्रे-कपांवरची वारली माणसे साच्यातून काढल्यासारखी ताठ असतात, ती इथेच फसतात. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रकार आहेत.