चित्रकार्डांमुळे मूल बोलायचं थांबत नाही

"कार्डं हातात दिली की मूल आळशी होईल, मग बोलणारच नाही," असं स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांना आजही सांगितलं जातं. ते खरं नाही. पर्यायी संवादसाधनांवरच्या, म्हणजे बोलण्याऐवजी वापरायच्या चित्रकार्डं, हातखुणा अशा साधनांवरच्या, अभ्यासांचा 2006 साली आढावा घेतला गेला. त्यात सर्वांत भरवशाचा पुरावा 27 व्यक्तींबद्दल होता. एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

मग कार्डं फसतात कुठे? बहुधा सुरुवातीलाच. "हे काय आहे, सांग?" म्हणत मुलापुढे कार्ड नाचवलं की ती परीक्षा होते. अमेरिकेत 1985 साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी आखलेल्या पेक्स (चित्रकार्ड देऊन हवं ते मागायला शिकवणाऱ्या) पद्धतीत पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, हातात मुलाला आवडणारा चिवडा. दुसरं मागे, अगदी गप्प. मुलानं चिवड्याकडे हात नेला की मागचा माणूस तोच हात कार्डाकडे वळवतो आणि कार्ड समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. समोरचा "चिवडा!" म्हणून लगेच चिमूटभर देतो. वाटीभर दिला तर पुन्हा मागायला कारणच उरत नाही. मागची मदत हळूहळू कमी करायची.

शाळेत नुसती खाऊची कार्डं पुरत नाहीत. "थांबा", "आवाज होतोय", "शू" हीसुद्धा हवीत, आणि ती शिक्षकांच्या कपाटात नव्हे, मुलाच्या हाताशी. शिक्षा म्हणून कार्डं काढून घेणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. ते कधीच करू नका. शब्द फुटू लागले तरी कार्डं राहू द्या, कारण गोंगाटात किंवा घाबरल्यावर तेच शब्द पुन्हा अडतात.