हवा कोण खाणार?

जुलै महिना आला की आमच्या नेरुळच्या घरात रिमोटवरून वाद सुरू होतात. फ्रान्समध्ये दुपार असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ, त्यामुळे टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची स्टेज, म्हणजे त्या दिवसाचा टप्पा, संपते ती साधारण रात्री नऊच्या आसपास, म्हणजे नेमकी आईच्या मालिकांच्या वेळेत. एकदा ती वैतागून माझ्या शेजारीच येऊन बसली, सूर्यफुलांची शेतं बघितली, एक चर्च बघितलं, हेलिकॉप्टरमधून दाखवलेला एक जुना वाडा बघितला आणि म्हणाली, "अरे कधीपासून हे नुसते चालवतायत. शर्यत कधी सुरू होणार?"

प्रश्न चोख होता आणि मला त्यावर पटकन उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी सपाट स्टेज होती. टूरमध्ये २१ स्टेज असतात, त्यातल्या काही डोंगरातल्या, एखाद-दोन घड्याळाविरुद्ध एकट्याने चालवायच्या, आणि काही अशा सपाट, पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरच्या, जिथे शेवटी सगळा घोळका एकत्र येतो आणि फिनिशच्या आधी दहा-बारा सेकंद जी काही मारामारी होते ती होते. डोंगरातली स्टेज कुणालाही कळते, आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढून जाईल तो घाटाचा राजा, त्यात समजावण्यासारखं काय आहे. सपाटीचं तसं नाही, तिथे खरा प्रतिस्पर्धी दिसतच नाही कारण तो हवा आहे.

हे मला पुस्तकातून नाही, पाम बीच रोडवर कळलं. वाशीपासून बेलापूरच्या किल्ल्यापर्यंत जवळजवळ सरळ, सपाट, एका बाजूला खाडी आणि खारफुटी, रविवारी पहाटे गाड्या कमी असताना आमच्यासारखे बरेच जण तिथे सायकल काढतात. मोराज सर्कल गेलं की मी जोर लावायचो, वेग तिशीच्या पुढे गेला की पाय जड व्हायचे आणि मला वाटायचं आपला स्टॅमिना कमी पडतोय. मग एकदा आमच्या ग्रुपमधला एक जाडजूड दादा पुढे गेला आणि मी त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर चिकटून राहिलो. तोच वेग, तीच सायकल, तेच पाय, पण कानातला वाऱ्याचा आवाज एकदम कमी झाला आणि मी चक्क गप्पा मारायला लागलो, उत्तर द्यायला त्याच्याकडे मात्र श्वास नव्हता. सारसोळेच्या सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "आता तू पुढे जा, मी किती हवा खाऊ?" आपल्याकडे हवा खाणं म्हणजे आराम, सायकलवर नेमकं उलट.

यातलं गणित असं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की विरोध चौपट. पण तो विरोध तुम्हाला दुप्पट वेगाने ढकलत न्यायचाय, म्हणून लागणारी ताकद आठपट. माझ्यासारख्याला तीसच्या वेगाला हवेशी झगडायला शंभर-सव्वाशे वॉट लागतात, आणि तोच हिशोब सत्तरच्या वेगाला, अगदी वाकून बसलेल्या स्प्रिंटरसाठी, म्हणजे शेवटी सुसाट सुटणाऱ्यासाठी, केला तरी हजाराच्या वर जातो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, त्यावरून अंदाज घ्या. सपाट रस्त्यावर रेसच्या वेगाला जो काही विरोध होतो त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास हा हवेचाच असतो, टायर आणि चेन वगैरे उरलेल्यात आलं. आणि हवा अंगाला घासते म्हणून हे होतं असं वाटतं ते बरंचसं चूक, मुख्य भानगड पाठीमागे असते. माणसाच्या अंगाला वळसा घालून गेलेली हवा मागे नीट जुळत नाही, तिथे भोवरे होतात, दाब कमी होतो आणि तो कमी दाब तुम्हाला मागे ओढतो. त्या ओढीच्या जागेत दुसरा माणूस घुसला की त्याची चैन. गंमत म्हणजे पुढच्यालाही थोडा फायदा होतो, कारण मागची ती पोकळ जागा भरली जाते, फक्त तो दोन-तीन टक्क्यांचाच, त्यामुळे पुढच्याने खूश व्हावं एवढा नाही.

मग दीडशे माणसांच्या घोळक्यात काय होत असेल? नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठात बर्ट ब्लोकेन यांच्या टीमने २०१८ साली हे बघितलं. १२१ सायकलस्वारांचे छोटे पुतळे बनवून पवनबोगद्यात (विंड टनेल, जिथे वारा सोडून विरोध मोजतात) उभे केले, शिवाय कॉम्प्युटरवर सिम्युलेशन केलं. आतल्या आणि मागच्या भागातल्या माणसावर एकट्याने चालवणाऱ्याच्या फक्त ५ ते १० टक्के विरोध निघाला. म्हणजे घोळका ५४ च्या वेगाने चाललाय आणि मधल्या माणसाला हवा लागतेय ती १२ ते १७ च्या वेगाने बाजारात निघाल्यासारखी. सकाळी आठ बावन्नच्या लोकलमध्ये मधोमध अडकलेल्या माणसाला दारातला पाऊस लागत नाही तसंच, फक्त इथे मधली जागा मिळवायला लोक भांडतात.

एवढं कळलं की आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. शर्यत पहिल्या किलोमीटरपासूनच चालू असते, पण ती पळण्याची नसून न पळण्याची असते, स्प्रिंटरला चार तास टीममधले लोक आडोशात घेऊन फिरवतात आणि त्याने शक्य तितकं काहीच करायचं नसतं. तोपर्यंत पुढे चार-पाच जण सुटलेले असतात, टीव्हीवर झळकतात, स्पॉन्सरचं नाव दिसतं, आणि बहुतेक वेळा शेवटी पकडले जातात. ते कमी ताकदीचे असतात असं नाही, चौघांत हवा वाटून घेतली तरी प्रत्येकाच्या वाट्याला वारंवार तीच येते, मागे दीडशे जणांत कामाला माणसं भरपूर. यावर रॉबेर शापात नावाच्या फ्रेंच समालोचकाच्या नावाने एक ठोकताळा चालतो, की घोळका दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढतो. ३० किलोमीटर राहिले आणि पुढच्यांकडे तीन मिनिटं आहेत, तर हिशोब काठावर. त्यातही मेख अशी की घोळका त्यांना लवकर पकडतच नाही, मुद्दाम लांबवतो, कारण लवकर पकडलं की दुसरं कोणीतरी ताज्या दमाचं सुटतं आणि परत पहिल्यापासून पाठलाग. मांजर उंदराला खेळवतं तसं, थोडं क्रूर आहे खरं.

उद्या सपाट स्टेज असली की मी आदल्या रात्री दोनच गोष्टी बघतो, वारा कुठून येणार आणि शेवटचे तीन किलोमीटर कसे वळतात. बाकी स्टार लोकांची यादी नंतर.

वाऱ्याचं आधी. समोरून वारा असेल तर स्टेज कंटाळवाणी होणार हे नक्की, कोणी सुटायच्या भानगडीत पडत नाही. पण आडवा वारा असेल तर झोपू नका. पाम बीचला हे घरबसल्या अनुभवता येतं, पहाटे वारा पारसिकच्या डोंगराकडून असतो, ऊन चढलं की फिरतो आणि खाडीवरून यायला लागतो, दोन्ही वेळा बाजूनेच. तेव्हा पुढच्याच्या बरोबर मागे राहून उपयोग नाही, आडोसा तिरका पडतो, म्हणून मागचा थोडा बाजूला सरकतो, त्याच्या मागचा अजून बाजूला, आणि रस्त्यावर तिरकी रांग तयार होते. रस्त्याची रुंदी संपली की रांगही संपली, पंधरा-वीस जण बसले, उरलेले रस्त्याच्या कडेला एकामागे एक उघड्या वाऱ्यात. त्यातल्या एकाचा दम गेला की फट पडते, आणि पडलेली फट पन्नासच्या वेगाला भरून काढणं म्हणजे सुटलेल्या लोकलमागे धावणं. २०१३ च्या टूरमध्ये तेराव्या स्टेजला, तूर ते सेंट-आमाँ-माँत्राँ, नकाशावर अगदी निरुपद्रवी सपाट दिवस होता. वाऱ्याने घोळक्याचे तुकडे केले, एकूण यादीत दुसरा असलेला वालवेर्देचं चाक नेमकं त्याच दिवशी खराब झालं आणि तो दहाएक मिनिटांनी मागे पडला, पिवळी जर्सी घातलेल्या, म्हणजे एकूण यादीत पहिल्या असलेल्या फ्रूमचं एक मिनिट नऊ सेकंदांचं नुकसान झालं, आणि पुढे राहिलेल्या चौदा जणांत मार्क कॅव्हेंडिश हा स्प्रिंटर जिंकला. डोंगर नसताना.

आता शेवटचे तीन किलोमीटर. इथे टीमची रेल्वे लागते, तिला ट्रेनच म्हणतात. चार-पाच जण एकामागे एक, शेवटच्या डब्यात स्प्रिंटर. पहिला जीव तोडून ओढतो, संपतो, बाजूला होतो, मग दुसरा. ठाण्यातली दहीहंडी बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, वर जाऊन हंडी फोडणाऱ्याचा फोटो येतो, खालच्या थरातल्यांच्या खांद्याची सालं निघतात. ट्रेनचं काम नुसता आडोसा देणं एवढंच नाही, वेग साठच्या वर असा काही ठेवायचा की मागून कोणाला बाजूने वर यायची हिंमतच होऊ नये, कारण बाजूला आलं की पूर्ण हवा अंगावर. २००९ साली पॅरिसमध्ये शाँझेलिझेवर कॅव्हेंडिशला शेवटपर्यंत ओढत नेऊन सोडायचं काम त्याच्याच टीममधल्या मार्क रेनशॉकडे होतं, त्याने शेवटच्या वळणावर असं काही ओढलं की बाकी घोळका मागेच राहिला, कॅव्हेंडिश पहिला आला आणि ओढणारा रेनशॉ स्वतः दुसरा. मला विचाराल तर त्या दिवशीचा खरा हीरो रेनशॉ. कॅव्हेंडिश पुढे ३ जुलै २०२४ ला सेंट-व्हल्बास इथे पस्तिसावी टूर स्टेज जिंकून एडी मर्क्सच्या ३४ स्टेजच्या विक्रमापुढे गेला, तोही एका सपाट स्टेजलाच.

शेवटचा माणूस बाजूला होतो तेव्हा साधारण दोनशे मीटर उरलेले असतात. हा आकडा उगाच नाही. सत्तरच्या वेगाला दोनशे मीटर म्हणजे दहा सेकंद, आणि स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन नावाचं जे तयार इंधन असतं तेही पूर्ण जोर लावला तर जेमतेम दहाच सेकंद पुरतं. खिशातली रोकड समजा, बँकेत कितीही असली तरी रिक्षावाल्याला आत्ता द्यायला एवढीच. वारा समोरून असेल तर शहाणा स्प्रिंटर अजून थांबतो, दीडशेवर सुटतो, मागून असेल तर लवकर निघतो. आधी निघाला तर त्याच्याच पाठीचा आडोसा घेऊन दुसरा वेग जमवतो आणि शेवटच्या पन्नास मीटरला बाजूने निघून जातो, हे तर दर वर्षी दिसतं.

आणि मग रेषेवर सायकल फेकतात. खरंच फेकत नाहीत हो, हात एकदम लांब करून आणि बसण्याची जागा मागे नेऊन सायकल पुढे ढकलतात. जेट्टीवर होडीतून उडी मारताना होडी मागे जाते ना, तसंच हे, फक्त इथे होडी हलकी आणि माणूस जड. सायकल सात किलोची, माणूस सत्तरचा. दोघांमधलं अंतर चाळीस सेंटीमीटर बदललं तर माणूस जेमतेम साडेतीन सेंटीमीटर मागे जातो आणि चाक छत्तीसएक सेंटीमीटर पुढे. निकाल पुढच्या चाकावर लागतो, छातीवर नाही, त्यामुळे हे छत्तीस सेंटीमीटर फुकटात मिळाले. पण क्षणभरच, लवकर ढकललं तर वाया. मी सारसोळेच्या सिग्नलच्या पांढऱ्या पट्टीवर करून बघितलं, थोडक्यात पडायचा वाचलो, दादा अजून हसतो. २००४ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत एरिक झाबेलने उलट केलं, जिंकलो समजून हात वर केले, आणि शेजारून ऑस्कर फ्रेरेने चाक पुढे घातलं. बिचारा.

अशा वेळी फोटो फिनिश बघतात, पण तो आपण समजतो तसा फोटो नसतोच. त्या कॅमेऱ्याला फक्त रेषेची एक बारीक पट्टी दिसते, ती तो सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवत जातो. म्हणजे त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जागा नाही, वेळ आहे. चाकाच्या तारा वाकड्या दिसतात त्यामुळेच, आणि मागे सगळं पांढरं दिसतं कारण कॅमेरा पूर्ण वेळ एकाच पांढऱ्या पट्टीकडे बघत असतो. २०१७ ला न्वी-सेंट-जॉर्जला किटेल आणि बोआसन हागेन यांच्यात असा फोटो काढावा लागला, किटेल ६ मिलिमीटरने पुढे निघाला, सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यातले तीन. दोनशेवर किलोमीटर चालवून.

पडापडीबद्दल फार लिहीत नाही, ती बघवत नाही. सपाट स्टेजला शेवटच्या तीन (काही स्टेजना आता पाच) किलोमीटरमध्ये कोणी पडलं किंवा पंक्चर झालं तर ज्या गटात होता त्याच गटाची वेळ त्याला देतात, म्हणजे ज्यांना स्प्रिंट करायची नाही त्यांनी उगाच जीव धोक्यात घालून पुढे घुसू नये. आणि एक, हे सगळं वाचून पाम बीचला बसच्या मागे आडोसा घेऊ नका, बसचा आडोसा मस्त असतो पण तिला ब्रेकही मस्त असतात.

तर हे सगळं मी आईला तीन-चार संध्याकाळी थोडं थोडं सांगितलं, ती पोळ्या लाटत ऐकायची, ऐकतेय की नाही कळायचं नाही. पुढच्या सपाट स्टेजला साडेआठला तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "किती राहिले रे?"

"पंचवीस."

"आणि ते पुढचे?"

"तीन मिनिटं."

आतून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाली, "म्हणजे अडीच मिनिटं कापतील आणि अर्धं उरेल. वारा कुठून आहे?" मी सांगेपर्यंत तिने गॅस बंद केला होता, हात पुसत बाहेर आली आणि रिमोट माझ्या हातातून काढून घेऊन आवाज वाढवला.