२६ टक्के फॅट, पण कुणाची?

वाशीहून भाच्याचा फोन. तो युरोपातली दूध पावडर उचलून परस्पर पश्चिम आफ्रिकेत विकतो. मी नियामीत, म्हणजे नायजरच्या राजधानीत, अशा मालाचे कागद बघतो. "मामा, रिपोर्टात फॅट २६ आलीये. गिऱ्हाईक म्हणतंय, हा माल मी मागवलाच नव्हता. आता काय करू?"

वर्षातून तीन-चारदा हाच फोन येतो, माणूस तेवढा बदलतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

होल मिल्क पावडर तुम्हाला माहीत आहेच. दुधातलं पाणी उडवलं की उरते ती. स्किम्ड म्हणजे मलई काढलेली, फॅट दीड टक्क्याच्या आत. इन्स्टंट म्हणजे गुठळ्या न होता विरघळणारी. डेअरी व्हाइटनर बहुतेक वेळा साखर घातलेली, चहापुरती. यात कुणी फसत नाही.

फसतात ते फॅट-फिल्ड पावडरीत. मलई काढून घेतलेल्या दुधात पाम तेल मिसळायचं आणि ते मिश्रण फवारून वाळवायचं, की ही तयार. कोडेक्सने, म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, तिच्यासाठी वेगळं मानक ठेवलंय आणि खरी गोची त्यातच आहे. दोन्ही मानकं शेजारी ठेवून वाचा. होल मिल्कला फॅट किमान २६ टक्के, हिलाही २६. ओलावा जास्तीत जास्त ५, हिलाही ५. फॅट सोडून उरलेल्या दुधाच्या घन भागात प्रोटीन किमान ३४ टक्के, तेही दोन्हीकडे. बदलतो तो एक शब्द. तिथे 'दुधाची फॅट' आहे, इथे 'एकूण फॅट'.

गावच्या डेअरीवर दूध घातलेल्या माणसाच्या डोक्यात 'किती फॅट लागली?' हा प्रश्न इतका भिनलेला असतो की 'कुणाची?' हे विचारायचं त्याला सुचतच नाही. गर्बरच्या, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत फॅट वर येते, आपण आकडा वाचतो. ती म्हशीची, गाईची की पामच्या फळाची, हे नळीला कळत नाही. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग, तोही जुळतो, कारण दुधाचा तेवढा भाग खराच असतो. दही लागतं, चहाचा रंगही तोच येतो. पकडायचं असेल तर आतली फॅट वेगळी काढून तिची आर.एम. (रायशर्ट-माइसल) व्हॅल्यू बघा. तूपवाल्यांची ही जुनी चाचणी. दुधाच्या फॅटमध्ये ब्युटिरिक आम्ल असतं, त्यामुळे आकडा विसाच्या वर जातो. पाम तेलाचा शून्याच्या आसपास घुटमळतो.

प्रयोगशाळेपर्यंत जायच्या आधी कागदावरचा जकातीचा कोड बघा. खरी दूध पावडर ०४०२ खाली येते, तेलवाली साधारणतः १९०१ खाली, 'खाद्य मिश्रणं' म्हणून. बिलावर ठळक 'मिल्क पावडर २६%' आणि कोडाच्या रकान्यात १९०१, असं दिसलं की मी पुढचं वाचतच नाही, सरळ फोन उचलतो.

हा माल का येतो, तर युरोपात मलईला भाव आहे. दूध किती काढायचं यावरची युरोपातली मर्यादा, म्हणजे कोटा, २०१५ च्या ३१ मार्चला संपला, दूध वाढलं. मलईचं लोणी चांगल्या भावाने जातं, खाली उरलेल्या दुधात स्वस्त तेल भरलं की तीच गोण आफ्रिकेत विकता येते. इथली जकातही आड येत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या सामाईक दरपत्रकात २५ किलो आणि त्यावरच्या गोणीतल्या दूध पावडरीला ५ टक्केच लागतात. गाईगुरांनी भरलेल्या देशात शहराचं दही परदेशी पावडरीचं, ते असं. २०१८ मध्ये साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या देशांत 'माझं दूध इथलंच' अशी मोहीम निघाली, ती उगाच नाही.

तरी तेलवालीला सरसकट 'नकली' म्हणणारेही मला आवडत नाहीत. नायजरला समुद्र नाही. शेजारच्या बेनिनमधल्या कोतोनू बंदरापासून नियामी हजारेक किलोमीटर. २०२३ च्या जुलैत लष्कराने सत्ता घेतली, बेनिनची हद्द बंद झाली आणि माल टोगोतल्या लोमे बंदरातून बुर्किना फासोमार्गे लष्करी पहाऱ्यात येऊ लागला. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात ताडपत्रीखाली आठवडेच्या आठवडे पडलेली होल मिल्क खवट होते. पाम तेल दमदार, ते टिकतं. स्वस्तही पडतं. ज्या घरात रोज मोजून पैसे निघतात तिथे हे लहानसहान नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र दोन्ही देऊ नयेत, होल मिल्कसुद्धा नाही.

माझा राग आहे तो गोणीवर. पुढे हिरवं कुरण आणि टपोरी गाय. मागे तिळाएवढ्या अक्षरांत फ्रेंचमध्ये 'मातिएर ग्रास वेजेताल', म्हणजे वनस्पतीची फॅट. एवढं तरी छापलेलं असतं. पण बाजारातली बाई ती गोण फोडते, डबीने मापून बोटभर प्लास्टिकच्या पिशव्या भरते, गाठ मारते आणि टेबलावर रचते. लेबल गोणीबरोबर टेबलाखाली गेलं. घेणारी आई 'दूध' मागते, तिला 'दूध' मिळतं.

भाच्याचा करार मागवून घेतला. 'मिल्क पावडर, फॅट किमान २६%.' बस, एवढंच. 'दुधाची' हा शब्द कुठेच नाही. पुरवठादाराने लिहिलं तेच पाठवलं होतं, भांडायला जागाच नव्हती. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी 'फक्त दुधाची फॅट' असं लिही, ०४०२ लिही आणि आर.एम. व्हॅल्यूची अट घाल.

त्याने घातली. दुसऱ्या दिवशी त्याच पुरवठादाराचं नवं भावपत्रक आलं, टनामागे बऱ्याच चढ्या दराचं.