स्नोशू भटकंती (व्हरमाँट)

बुटाखाली रुंद चौकट बांधून बर्फावर चालण्याचा प्रकार. माणसाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो, त्यामुळे जिथे नुसत्या बुटाने मांडीपर्यंत रुतायला होते तिथे पाय वीतभरच खाली जातो. उत्तर अमेरिकेतील क्री, इनू, ओजिब्वे आदी मूलनिवासी समाजांनी हे साधन घडवले. अ‍ॅशचे लाकूड वाकवून चौकट करायची आणि आत मूस किंवा कॅरिबू या हरणवर्गीय प्राण्यांच्या कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची. दाट जंगलात वळायला आखूड गोल आकार सोयीचा, मोकळ्या माळावर लांब निमुळता. आजच्या स्नोशूला बहुधा अ‍ॅल्युमिनियमची नळी असते आणि पंजाखाली घसरण रोखणारे दात.

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात या भटकंतीला खास जागा आहे, ती तिथल्या चौथ्या वर्गाच्या रस्त्यांमुळे. हे गावाच्या मालकीचे सार्वजनिक रस्ते असतात, पण बारमाही वाहतुकीयोग्य ठेवण्याचे बंधन गावावर नसते, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ हटवणारी गाडी त्यांवर सहसा फिरकत नाही. १८११ मध्ये लिस्बनमधील माजी अमेरिकी वाणिज्यदूत विल्यम जार्व्हिस यांनी इथे मेरिनो मेंढ्या आणल्या आणि पुढच्या काही दशकांत कुरणांसाठी डोंगर बोडके झाले. लोकरीचा भाव पडला, शेतकरी पश्चिमेकडे गेले, रान परतले. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. म्हणून ऐन जंगलातून रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दगडी गडगे जातात आणि मध्येच एखाद्या घराच्या तळघराचा खड्डा लागतो. उन्हाळ्यात हे सगळे झाडोऱ्यात बुडते. पानगळीनंतर, बर्फ फार साचण्यापूर्वी, ते स्वच्छ दिसते. या रस्त्यांची खरी ओळख शिखरे गाठण्याच्या घाईत होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

चालताना पाय किंचित फाकवून टाकावे लागतात. मागे सरकणे अवघड, म्हणून वळण छोट्या गोलाकार पावलांनी घेतात. ताज्या बर्फात वाट पाडणारा लवकर दमतो, तेव्हा पुढचा माणूस आळीपाळीने बदलतात. स्कीसाठी आखलेल्या चाकोरीवर पाय ठेवू नये. स्नोशूविना नुसत्या बुटांनी पडलेले खोल खड्डे गोठले की मागून येणाऱ्यांना घातक ठरतात. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतराजीच्या उंच शिखरांच्या भागात बर्फ ८ इंचांहून (सुमारे २० सेंमी) अधिक असल्यास स्नोशू किंवा स्की सक्तीचे आहेत.

सुती कपडे टाळावेत, ते घामाने भिजले की अंग गारठवतात. डिसेंबरअखेर सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या छोट्या झाडांच्या फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो, माणूस कमरेपर्यंत आत जाऊ शकतो. फेब्रुवारीपासून मेपलच्या झाडांमध्ये रस वाहून नेणाऱ्या नळ्या ताणलेल्या असतात. त्यांना वळसा घालावा. हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षाच्या गर्द राईत हरणे हिवाळा काढतात. तिथे शिरूच नये, कारण खोल बर्फात पळताना जी शक्ती खर्च होते ती भरून काढण्याइतके खाणे त्यांना तेव्हा मिळत नाही.